भर दुपारी अंधारातलं जेवण

नाही, मला एक सांगा, दुपारी एक वाजता, बाहेर असं रणरणतं ऊन पडलेलं असताना, कुठला शहाणा माणूस अंधारात बसून जेवतो? एक खिडकी नाही हो त्या हॉलला! आणि दिवा म्हणाल तर टेबलागणिक एक, काजव्यापेक्षा जरा बरा. मी दारातच थांबले. म्हटलं, लाइट गेलेत वाटतं, आल्यावर येऊ. तर दारातली ती मुलगी, काळे कपडे, केस चापूनचोपून मागे, आणि बोलणं असं की शेजारच्या खोलीत कुणाचं तान्हं बाळ झोपलंय... "मॅडम, ही आमची वातावरणनिर्मिती आहे." वातावरणनिर्मिती! अगं बाई, जेवायला आलेय मी, जेवायला!

आता अंधाराचं मला वावडं आहे असं नाही बरं का. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलात एक्स-रे काढले, त्यातली पहिली वीस फिल्मची. डार्करूममध्ये एक लाल बल्ब, तोही मिणमिणता, आणि त्यात मी फिल्म धुतेय, वाळवतेय, नंबर टाकतेय. सगळं हाताच्या सवयीने. पण तो पगारी अंधार होता! हौसेने, नटूनथटून, नवीन चपला घालून अंधारात जाऊन बसायचं म्हणजे...

तर ही सगळी माझ्या मुलीची करामत. मुलगी परगावी असते. तुम्हाला सांगते, ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि गेली दोन वर्षं ती रोज फोनवर एकच विचारते, "आई, जेवलीस का?" मी म्हणते जेवले. "काय जेवलीस?" इथे माझी पंचाईत. कारण मी काय जेवते ते सांगण्यासारखं नसतंच. एकटीसाठी कोण मांडामांड करणार? ओट्यापाशी उभी राहते, पातेल्यातच चमचा घालते, झालं जेवण. ताट घ्यायचं, मग ते धुवायचं, कशाला? एक दिवस बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, की अगं मी उभ्या उभ्याच खाते. झालं!  आठ दिवसांनी रोजच्या फोनवर एकदम म्हणते, "आई, एक गृहस्थ आहेत."

म्हटलं, "असतील. जगात पुष्कळ आहेत."

"आई, ऐकून तरी घे. शिंपी आहेत. तुझ्याच गावात दुकान आहे. मी मागे आले होते तेव्हा माझ्या ऑफिसच्या कोटाच्या बाह्या त्यांनीच लांब करून दिल्या. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा लांब असतो. माणूस फार चांगला आहे गं."

"एका कोटावरून कसं कळलं तुला?"

"एक बाही दुसरीपेक्षा जरा लांब झाली होती. मला कळलंसुद्धा नव्हतं. त्यांनी स्वतः सांगितलं, परत घेतली आणि नीट करून दिली."

आता ह्यावर काय बोलणार? एकतीस वर्षं हॉस्पिटलात काढलीत मी. स्वतःची चूक स्वतः सांगणारा माणूस मी तिथे एकदाच पाहिला, आणि तो पेशंट होता. पण म्हणून काय लगेच... ह्या वयात? मी अठ्ठावन्न वर्षांची बाई! लोक काय म्हणतील हे सोडाच, मीच मला काय म्हणेन? मुलीला स्पष्ट सांगितलं, मी नाही म्हणणार आहे. तर म्हणते, "नाही म्हण ना. पण जेवून नाही म्हण. मी टेबल बुक केलंय, सात टप्प्यांचं जेवण आहे, पैसे भरलेत, परत मिळत नाहीत." बघा! आईला कुठे धरायचं हे पोरींना बरोबर कळतं. भरलेलं जेवण वाया जाऊ देणारी मी नव्हे. शिवाय सात टप्पे म्हणजे... मी सकाळपासून काही खाल्लंच नाही हो! म्हटलं, सात टप्प्यांना जागा नको का ठेवायला?

आणि रस्ताभर मी भाषण पाठ करत गेले. नाही म्हणायचं, पण नीट म्हणायचं. समोरच्याचा अपमान नको, आशा नको, आणि लांबण नको.

तर त्या काळ्या कपड्यांतल्या मुलीने मला आत नेलं, एका खांबापाशी हात केला, "त्या बाजूला, मॅडम," आणि दारात आणखी कोणी आलं म्हणून ती गेली परत. त्या बाजूला म्हणजे कुठे? मला दिसलं एक टेबल, एक गृहस्थ एकटेच बसलेले, समोर रिकामी खुर्ची. गेले, बसले, आणि म्हटलं, आता उगाच वेळ नको काढायला. सुरूच केलं. "हे बघा, मी मुलीच्या शब्दाखातर आलेय. तुम्ही सज्जन आहात असं ऐकलंय. पण मला आता ह्या वयात नवीन संसार मांडायचा नाही. माझं घर आहे, पेन्शन आहे, झाडांच्या कुंड्या आहेत, माझं बरं चाललंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझं उत्तर नाही असं आहे."

एका श्वासात! आणि ते गृहस्थ... हातातला पाण्याचा ग्लास तसाच, तोंड उघडं. मग हळूच म्हणतात, "पण मी तर माझ्या बायकोची वाट बघतोय... ती हात धुवायला गेलीय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं जे म्हणतात ना, ते मला तेव्हा कळलं. बरं, उठावं तर ती बायको येऊन माझ्या मागे उभी! जाड परफ्यूम, त्याहून जाड आवाज. "ह्या कोण?" आणि ते गृहस्थ, अहो इतके घाबरलेले, म्हणतात, "ह्यांनी मला आत्ताच नकार दिलाय." आता ह्याच्यावरून त्यांच्या घरी पुढे काय झालं असेल, मला विचारू नका. मला रात्र रात्र आठवतं ते.

मी सॉरी सॉरी करत उठले, आणि खांबापलीकडच्या टेबलावरून एक शांत आवाज आला. अगदी मऊ, सावकाश, एकेक शब्द मोजून कापल्यासारखा. "मॅडम... तो निरोप बहुतेक माझ्यासाठी होता."

सगळं ऐकलं होतं त्यांनी! घर, पेन्शन, कुंड्या, सगळं!

मी मटकन त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले.  तर तेच म्हणाले, "बरं झालं एका अर्थी. नकाराचं काम उरकलं. मीही घरून निघाल्यापासून धास्तावलो होतो, कसं बोलायचं, काय बोलायचं. आता काही ठरवायचंच नाही म्हटल्यावर निवांत जेवू या. मी सकाळपासून उपाशी आहे."

म्हटलं, "तुम्हीही?"

"सात टप्पे म्हणाले ना. जागा ठेवली."

लोक त्यांना मास्तर म्हणतात, मीही मास्तरच म्हणायला लागले. चेहरा मात्र दिसेना. त्या काजव्याच्या उजेडात एक हनुवटी आणि दोन हात, एवढंच. हात चांगले होते. सुईच्या टोकाने खरबरीत झालेली बोटं, पण नखं स्वच्छ. मला काय, माणूस दिसला की आधी हाडंच दिसतात. मनगट मजबूत, बोटांचे सांधे किंचित सुजलेले. म्हटलं, ह्या माणसाने पुष्कळ काम केलंय.

एवढ्यात आला वेटर. वेटर कसला, राजदूतच! उंच, चाळिशी उलटलेला, ताठ असा की मला वाटलं ह्याचा कणा एकदा बघायला हवा. अंगात काळा कोट, बटणं कशीबशी लावलेली. मी मनात त्याचं नाव ताठे ठेवलं. दोन्ही हात मागे बांधून, छताकडे बघत, ताठे म्हणतात, "मॅडम, सर, आज आमचे मुख्य शेफ आपल्याला एका प्रवासाला घेऊन जाणार आहेत."

मी म्हटलं, "जेवून जाऊ ना!"

हसला नाही हो तो. सवय असावी.

पहिला टप्पा आला. चमचा. ताटात नाही, वाटीत नाही, नुसता चमचा! एका मोठ्या पांढऱ्या दगडावर एक चमचा, चमच्यात एक लाल थेंब. ताठे म्हणतात, "ही टोमॅटोची आठवण." मी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी माझ्याकडे. टोमॅटो कधी गेला म्हणायचा? आणि गेला तो आम्ही आल्यावर गेला का? आम्ही चमचा तोंडात घातला, बाहेर काढला... संपला पहिला टप्पा. मास्तर बराच वेळ विचार करून म्हणाले, "सॅम्पल चांगलं आहे. आता माल कधी येतो?"

दुसऱ्या टप्प्याला फेस. खोलगट बशीच्या तळाशी नुसता पांढरा फेस. मी ताठेंना बोलावलं, हळूच म्हटलं, "अहो, भांडं नीट विसळलेलं दिसत नाही." तर म्हणतात, "मॅडम, हा काकडीचा श्वास आहे." श्वास! एकतीस वर्षं मी लोकांना सांगतेय, श्वास घ्या, रोखा, सोडा. पण काकडीचा? आणि तो खायचा? काकडी आख्खी का नाही देत बाबा? आम्हाला दात आहेत! जेवायला आलोय हो आम्ही, जेवायला!

माझ्या पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, भांडत होते. तिसऱ्याला काचेचं झाकण. झाकणाखाली धूर. झाकण उचललं, धूर सगळा मास्तरांच्या नाकात, मास्तर खोकताहेत, मी त्यांच्या पाठीवर थोपटतेय, खोकला कोरडा आहे, काळजीचं काही नाही हे माझ्या लगेच लक्षात आलं, आणि ह्या सगळ्या गडबडीत जो काय पदार्थ होता तो आम्हाला सापडलाच नाही! धुराबरोबर गेला की काय कुणास ठाऊक. ताठेंनी बशी उचलली. "कसा वाटला?" मास्तर डोळे पुसत म्हणाले, "मनाला भिडला."

तेव्हा मी हसले. काय सांगू तुम्हाला, पोट धरून हसले. रिकाम्या पोटाला हसू जास्त दुखतं. आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली, खांबापलीकडची ती परफ्यूमवाली बाईसुद्धा, आणि मला थांबवेचना. सहा वर्षांत अशी हसले नव्हते हो मी.

आणि मग दोन टप्प्यांच्या मधे तो जो काळ असतो ना... अर्धा अर्धा तास! काही येत नाही, काही जात नाही. माणसं बोलणार नाहीत तर काय करतील? मास्तरांनी विचारलं, "तुम्ही घरी कशा जेवता?" सरळ प्रश्न. कुणी असं विचारत नाही, काय जेवता विचारतात. आणि मी, मुलीशी खोटं बोलणारी मी, अंधारात त्या अनोळखी माणसाला खरं सांगितलं. म्हटलं, उभ्याने. पातेल्यातून.

 ते म्हणाले, "मी बसून जेवतो. पण समोर पुतळा असतो."

"कसला पुतळा?"

"दुकानातला. कोट चढवायचा, तो मान नसलेला. दुकानाच्या मागेच घर आहे माझं. ही गेल्यावर समोरची खुर्ची रिकामी बघवेना, म्हणून एक दिवस पुतळा आणून ठेवला. अंगात कुणाचा तरी अर्धा शिवलेला कोट असतोच, तेवढंच माणूस बसल्यासारखं वाटतं." आणि पुढे म्हणतात, "मागच्या महिन्यात मी त्याला विचारलं, मीठ बरोबर पडलंय का?"

मला हसावं की काय करावं कळेना. त्यांनाही कळत नसावं. म्हटलं, "मग? काय म्हणाला तो?"

"तोंडच नाही ना त्याला," मास्तर म्हणाले. "म्हणून तर इथे आलो."

तुम्हाला सांगते, मी रुमाल शोधायला पर्समध्ये हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

तेवढ्यात चौथा टप्पा! ताठे येतात, आमच्यापुढे हीऽऽ एवढी परात ठेवतात. परातीच्या मधोमध एक खड्डा, खड्ड्यात एक बटाटा. बटाटा हो! ओळखीचं काहीतरी! मी आनंदाने चमचा उचलला तर, "थांबा मॅडम!" आणि ताठेंनी एक लांब चोचीची सुरई घेतली, हात वर नेला, आणखी वर, पार डोक्याच्या वर, तिथून खाली बटाट्यावर रस्सा सोडायचा, अशी त्यांची कला. हात जसा वर गेला तसा आवाज आला... टर्रर्र!

कोट! काखेपासून पार कमरेपर्यंत उसवला. आतलं पांढरं अस्तर बाहेर.

राजदूत एका क्षणात माणूस झाला हो. सुरई टेबलावर ठेवली, हात अंगाशी घट्ट धरला. "माफ करा... मला... मला आत जाता येणार नाही. मोठे साहेब दारातच उभे आहेत. आज मालकांकडचे पाहुणे यायचेत, सकाळीच ताकीद दिलीय, कपड्यांत एक सुरकुती दिसली तर घरी बसा. मी दोनदा मोठा कोट मागितला. मला म्हणाले, कोट मोठा मिळणार नाही, तुम्ही लहान व्हा." आणि हळूच, "आठ वर्षं झालीत मला इथे. दोन लेकरं आहेत."

मास्तर उठले.  बुशशर्टाची कॉलर उलटी केली, तर तिथे सुई टोचलेली, तिच्याभोवती काळा दोरा गुंडाळलेला! म्हणाले, "तिशीपासून आहे ती तिथे. धुवायला टाकताना तेवढी काढतो." आणि ताठेंना खांबाच्या आड ओढलं. "काढू नका कोट. काढलात तर चढणार नाही परत. अंगावरच शिवतो."

पण दोरा ओवायचा कसा? त्या काजव्याच्या उजेडात? मास्तरांनी सुई नाकापाशी नेली, लांब धरली, चष्मा वर केला, खाली केला.  "दिसत नाही," म्हणाले. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. "दिसत नाही हो मला."

मी म्हटलं, "आणा इकडे."

अहो, वीस वर्षं डार्करूममध्ये काढलेली बाई मी! डोळे मिटले, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, अंगठ्याच्या नखाने सुईचं नेढं चाचपलं, आणि पहिल्या फटक्यात... आत! डोळे उघडायच्या आधी दोरा हातात दिला त्यांच्या. मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणजे बघत असावेत. दिसत कुठे होतं काही?

आणि लागले शिवायला. पण ताठे कुठे उभे राहताहेत स्वस्थ? धापा टाकताहेत, बरगड्या वरखाली, वरखाली, मास्तर म्हणताहेत "हलू नका, टोचेल," आणि ते बिचारे जास्तच हलताहेत. मग मात्र माझ्यातली ती एकतीस वर्षं जागी झाली. पुढे झाले, ताठेंच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या आवाजात, जो मला वाटलं होतं रिटायर होताना हॉस्पिटलातच ठेवून आले, त्या आवाजात म्हटलं, "श्वास घ्या... रोखा... हलायचं नाही... सोडा."

आणि थांबला हो तो! प्रत्येक टाक्याला. मी म्हणतेय रोखा, मास्तर घालताहेत टाका, मी म्हणतेय सोडा, मास्तर ओढताहेत दोरा. घ्या... रोखा... सोडा. घ्या... रोखा... सोडा. एकदा तर माझ्या लक्षात आलं की मास्तरही माझ्या सांगण्यावर श्वास घेताहेत! आणि मीही! तिघंही एका तालात, त्या खांबाच्या आड, भर दुपारी अंधारात. तेवढ्यात मोठे साहेब इकडे वळले. बुटांचा आवाज आला, टाक टाक टाक... मास्तरांनी शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, ताठे गर्रकन वळले, छाती पुढे, नजर छताकडे, "सर, ह्या पाहुण्यांना आपल्या खांबांची रचना फार आवडली."

साहेब म्हणतात, "अस्सं? वाः." आणि गेले!

मी तर रोखलेला श्वास सोडायचाच विसरले होते.

 मग ताठे वाकले आमच्याकडे, आणि पहिल्यांदा छताकडे न बघता आमच्याकडे बघून, साध्या आवाजात म्हणाले, "ताई, खरं सांगा. पोट भरलंय का तुमचं?"

मी म्हटलं, "भाऊ, आम्ही जेवायला आलो होतो रे, जेवायला!"

"अजून तीन टप्पे आहेत. एकात एक पान आहे, एकात थंड वाफ आहे, आणि शेवटच्यात सुगंध." जरा इकडेतिकडे बघितलं. "पाहुण्यांची गर्दी मोडली की मागे आमची पंगत बसते. तीन वाजता. भात आहे, बटाटे-अंड्यांचा रस्सा आहे. चालेल?"

चालेल? चालेल म्हणजे काय! तो बटाटा, परातीतला एकुलता एक, आम्ही अर्धा अर्धा वाटून खाल्ला आणि तीन वाजायची वाट बघत बसलो.

आणि मग ते मागचं दार उघडलं... अहो, उजेड! ट्यूबलाइटचा लख्ख, पांढरा, प्रामाणिक उजेड! मोठमोठी पातेली, ओली फरशी, भांड्यांचा खणखणाट, कुणीतरी कुणाला ओरडतंय, कुणीतरी गातंय. लांबलचक पत्र्याचं टेबल, दोन्ही बाजूंना बाकं. भांडी घासणाऱ्या मावशींनी सरकून जागा दिली. आणि ते मुख्य शेफ, प्रवासाला नेणारे, तेही तिथेच, टोपी काढून, बाह्या सरसावून भात कालवताहेत! मी त्यांना म्हटलं, "हा टप्पा कितवा?" तर बिचारे लाजले. म्हणाले, "आम्ही रोज ह्याच टप्प्यावर असतो."

आणि त्या उजेडात मी वळून बघितलं, आणि मास्तर दिसले मला. पहिल्यांदा! दोन तास बरोबर बसलो होतो, आणि चेहरा आत्ता दिसतोय. कान मोठे. डावी भुवई जरा वर चढलेली, जणू सगळ्या जगाला काहीतरी विचारायचंय. दाढी करताना हनुवटीखाली एक पट्टा राहून गेलेला, अंधारात केली असावी, नाहीतर घाईत. मुलीने फोटो पाठवला होता, मी बघितलाच नव्हता, नाहीच म्हणायचं होतं ना. तेही माझ्याकडे बघत होते. बराच वेळ. मी म्हटलं, "काय झालं?"

म्हणाले, "काही नाही. डाव्या खांद्यापेक्षा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे तुमचा."

आता हे काय बोलणं झालं? कुणी बाईला असं म्हणतं का? पण ते पुढे म्हणाले, "जड काहीतरी उचललंय तुम्ही वर्षानुवर्षं." आणि खरंच हो, ते शिशाचे जाड एप्रन, एकतीस वर्षं उजव्या खांद्यावर टाकून ह्या खोलीतून त्या खोलीत... आमच्या ह्यांच्याही कधी लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

भात वाढला. रस्सा वाढला. वाफ आली ती खायची वाफ नव्हती, खाण्याची होती! आणि मास्तरांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मीठ बरोबर आहे?"

मी म्हटलं, "जरा कमी आहे."

काय चेहरा उजळला त्या माणसाचा! असं कुणी उजळतं का कमी मिठाने? मावशींनी मिठाची वाटी सरकवली. मी तीनदा भात घेतला. मास्तरांनी चारदा. ताठे समोर बसून, कोटाची काख जपत, दोन्ही हात अंगाशी धरून जेवत होते आणि दर दोन घासांनी म्हणत होते, "घ्या ना, घ्या ना, लाजू नका." मास्तरांनी त्यांना सांगितलं, सुट्टीच्या दिवशी दुकानात या, कोटाला बाजूने पट्टी घालून देतो, लहान व्हायची गरज नाही.

बाहेर आलो तर ऊन तसंच होतं. मास्तर म्हणाले, "बरं वाटलं मॅडम. तुमचा नकार माझ्या लक्षात आहे, काळजी करू नका." आणि गेले! सरळ चालत गेले! आता बघा हं... मी नाही म्हणाले होते, हे खरं. भरपूर पाठ करून म्हणाले होते, हेही खरं. पण तो नकार मी मुळात दुसऱ्याच गृहस्थांना दिला होता ना? तो मास्तरांना लागू कसा होतो?

रात्री मुलीचा फोन. "आई, जेवलीस का? काय काय होतं? कसे आहेत ते? तू काय म्हणालीस?" मी म्हटलं, नाही म्हणाले.  मग मीच म्हटलं, "अगं, पण आपल्या घरातले पडदे आहेत ना, ते सगळे जमिनीपासून वीतभर वर आहेत. पंधरा वर्षं तसेच लोंबताहेत. चांगला शिंपी बघायला हवा."

मुलीने लगेच निरोप दिला असणार, दुसऱ्या दिवशी मास्तर आले, टेप घेऊन. सात खिडक्या मोजल्या. म्हणाले, एकदम सगळे नेले तर घर उघडं पडेल, दर रविवारी एक नेतो, एक आणतो. आता तुम्ही म्हणाल सात पडद्यांना सात रविवार कशाला लागतात? मीही म्हणाले नाही काही. दुपारी यायचे, पडदा लावायचे, मग आलेल्या माणसाला नुसतं पाठवायचं कसं, म्हणून मी ताटं घ्यायला लागले. दोन. बसून. मीठ कमी पडतं कधी कधी, ते सांगतात. जास्त पडलं तर मी सांगायच्या आधी ओळखतात, आणि तरी संपवतात.

ह्या रविवारी सातवा पडदा लागला. सगळे पडदे कसे जमिनीला टेकलेत, एक सूत इकडेतिकडे नाही, इतकं सुरेख काम, आणि मी बघतेय आणि मला रडू यायला लागलंय! मास्तरांनी टेप गुंडाळली, खिशात घातली, पुन्हा काढली, पुन्हा गुंडाळली. म्हणाले, "काम झालं म्हणायचं." म्हटलं, "झालं." "आणखी काही शिवायचं असेल तर..." म्हटलं, "बघते."

आता काय करणार, सांगा. तोंडाने हो म्हणायला मला जमत नाही, भाषण सगळं नाहीचंच पाठ आहे. मग काल सगळी दुपार खर्ची घातली, आणि घरातले धडधाकट, नवेकोरे, चांगले बारा अभ्रे बसल्या बसल्या उसवून ठेवलेत.